चूक कळण्याची वेळ

पनवेल तालुका १८८३ मध्ये ठाणे जिल्ह्यातून काढून कुलाबा जिल्ह्यास जोडण्यात आला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९ ऑक्टोबर १८८२ या तारखेचे आपले निवेदन जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे ठेवले होते. त्या निवेदनाचे स्मरण आपण बहुधा प्राथमिक शिक्षण सक्तीचे व्हावे या मागणीसाठी करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु शाळांच्या तपासणीविषयी त्यात जी चारदोन वाक्ये आहेत, त्यांकडे जावे तितके लक्ष गेलेले नाही. डेप्युटी इन्स्पेक्टराने वर्षातून एकदा शाळेस दिलेल्या भेटीचा म्हणण्यासारखा उपयोग होत नाही, शाळा निदान तिमाहीस एकदा तरी तपासल्या जाव्यात, आणि आगाऊ वर्दी न देताही अधिकाऱ्यांनी मधूनमधून तेथे जावे, असा जोतीरावांच्या म्हणण्याचा आशय आहे. परीक्षेच्या निकालावर अनुदान बेतण्याची पद्धत गरीब आणि अशिक्षित रयतेत शिक्षण रुजविण्यास मुळीच योग्य नाही, हेही त्यांनी त्याच निवेदनात निःसंदिग्धपणे नोंदविले आहे.

मला हा भाग फार मोलाचा वाटतो. शाळा काढणे, मास्तर नेमणे, पुस्तके छापणे यांविषयी त्या काळी पुष्कळ लिहिले गेले. पण शिकविलेले मुलापर्यंत पोचले की नाही हे कळावे केव्हा, आणि कळल्यानंतर सुधारणेस अवकाश उरावा किती, हा प्रश्न या निवेदनाच्या मुळाशी आहे. वर्षाच्या शेवटी कळलेली चूक केवळ दप्तरात जमा होते. त्याच दिवशी कळलेली चूक मात्र दुसऱ्या दिवशीच्या पाठाचा विषय होऊ शकते. आपल्याकडील शिक्षणाचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास या एका भेदाच्या आधारे वाचला, तर त्यातील बऱ्याच गोष्टींचा अर्थ लागतो. तो वाचण्यासाठी पुण्यामुंबईच्या नामांकित विद्यालयांपेक्षा पनवेलच्या खाडीकाठावरील उलवे, तरघर, गव्हाण, जासई यांसारख्या गावांचा परिसर मला अधिक उपयुक्त वाटतो. कारण शिक्षणाचा वारसा ज्यांच्या घरी नव्हता, चूक झाली तर ती घरी दुरुस्त करणारे कोणी ज्यांच्यापाशी नव्हते, अशा मुलांच्या बाबतीतच परीक्षेच्या पद्धतीचा खरा कस लागतो.

इंग्रजी अंमलापूर्वी व त्याच्या प्रारंभीच्या काळात महाराष्ट्रात ज्या पंतोजींच्या शाळा होत्या, त्यांचे चित्र रा. वि. परुळेकर यांनी संपादित केलेल्या १८२० ते १८३० या दशकातील सरकारी पाहणीच्या कागदपत्रांवरून पुष्कळसे स्पष्ट होते. या शाळांत इयत्ता नव्हत्या, एका वर्षी भरती झालेल्या मुलांचा जथा नव्हता, छापील पुस्तक नव्हते आणि वार्षिक परीक्षाही नव्हती. मूल घरच्यांच्या सोयीने व मुहूर्ताने शाळेत येई, धुळपाटीवर बोटाने अक्षर गिरवी, अक्षर बसले म्हणजे पुढील अक्षराकडे जाई, मुळाक्षरांनंतर बाराखडी, मग मोडीचा कित्ता, आणि त्याच्या जोडीने पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी अशी हिशेबाची लांबलचक वाट ते आपापल्या गतीने चाले. संध्याकाळी परवचा होई. सर्व मुले एका सुरात म्हणत असली, तरी पंतोजीचा कान प्रत्येकावर असे, आणि ज्याचा पाढा अडखळला त्याला तेथेच पुढे ओढून पुन्हा म्हणावयास लावले जाई. थोरल्या मुलाने धाकट्याचा कित्ता पाहावा, ही तर रोजचीच व्यवस्था होती. मद्रासेत अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल या स्कॉटिश धर्मोपदेशकाने देशी शाळेतील मुलांना वाळूत अक्षरे काढताना पाहून आपल्या अनाथालयात तोच क्रम सुरू केला, आणि मुलांनीच मुलांना शिकविण्याची त्याने बांधलेली पद्धत पुढे इंग्लंडात गाजली, हे सर्वश्रुत आहे.

या शाळांचे गुणगान करण्याचा माझा हेतू नाही. पंतोजीची छडी निर्दय होती, मुलींना आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींना तेथे प्रवेश नव्हता, खाडीकाठच्या आगरी व कोळी मुलांपैकी तेथवर पोचणारे विरळा, आणि पाठ झालेले समजले आहे की नाही याची चौकशी करण्याची त्या शिक्षणाला गरजच वाटत नसे. तथापि एक गोष्ट त्या शाळेत निश्चित होती: मूल जेथे अडले ते शिकविणाऱ्याला त्याच घटकेला दिसे, आणि तो अडथळा दूर होईपर्यंत मूल पुढे सरकत नसे. ही गोष्ट पुढे आपण गमावली.

ती कशी गमावली हे समजण्यासाठी शिक्षणखात्याच्या घडणीकडे पाहावे लागते. बाळशास्त्री जांभेकर, दादोबा पांडुरंग यांच्यासारखे विद्वान गृहस्थ सरकारी मराठी शाळांचे आरंभीचे तपासनीस होते, आणि पुस्तके रचण्यापासून मास्तर तयार करण्यापर्यंत सर्व कामे त्यांच्या शिरावर असल्यामुळे तपासणी हीदेखील त्यांच्या हाती एक प्रकारची शिकवणीच होती. पुढे १८५४ चा वुडचा खलिता आला, १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षणखाते स्थापन झाले, जमीनमहसुलाच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड बसविण्यात येऊन त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे लागला, आणि त्या पैशातून खेडोपाडी शाळा उभ्या राहू लागल्या. शाळा वाढल्या तसा हिशेब वाढला. रयतेच्या पैशाचा हिशेब ठेवणे हे राज्यकर्त्यांचे कर्तव्यच होते. पण मूल काय शिकले याचा हिशेब आणि पैसा कोठे खर्च झाला याचा हिशेब, हे दोन्ही एकाच वहीत एकाच दिवशी मांडण्याचा जो प्रघात पडला, तो शिक्षणास बाधक ठरला.

इंग्लंडात रॉबर्ट लोच्या १८६२ च्या संहितेने निकालावर वेतन देण्याची पद्धत सुरू केली. इन्स्पेक्टराने ठरलेल्या दिवशी यावे, प्रत्येक मुलाची वाचन, लेखन व गणित यांत परीक्षा घ्यावी, आणि उत्तीर्ण मुलांच्या संख्येवर शाळेचे अनुदान ठरावे, असा तो बंदोबस्त होता. स्वतः शाळा-तपासनीस असलेल्या मॅथ्यू अर्नल्डने त्या वेळीच हाकाटी केली की यामुळे शिक्षण यांत्रिक होईल. आणि तसेच झाले. त्याच दशकात मुंबई इलाख्यातील अनुदानित शाळांनाही हा नियम लागला, आणि इंग्लंडात तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात मोडीत निघाल्यावरही आपल्याकडे, लॉर्ड कर्झनच्या राजवटीतील १९०४ च्या शैक्षणिक ठरावाने त्याला निरोप देईपर्यंत, टिकून राहिला. नियम गेला, परंतु त्याने लावलेले वळण गेले नाही. ‘दिपोटी येणार’ ही वार्ता गावात आली म्हणजे शाळा सारवली जाई, मुलांना उत्तरे घोटून दिली जात, कच्च्या मुलांनी त्या दिवशी घरी राहिलेले बरे असे सुचविले जाई. साहेब येत, दोन-चार मुलांना उभे करून प्रश्न विचारीत, शेरेबुकात चार ओळींचा शेरा लिहीत, आणि बैलगाडी पुढच्या गावाला लागे. त्या शेऱ्यातून मास्तराविषयी सरकारला पुष्कळ कळे. मुलाविषयी मास्तराला नवे काही कळत नसे.

उलव्याच्या परिसरातील शेतकऱ्याला हा क्रम चमत्कारिक वाटला असला पाहिजे, असे मला राहून राहून वाटते. कारण त्याची शेती खाजणातली, भरतीच्या पाण्यापासून बांध घालून राखलेल्या खाऱ्या जमिनीतली. कुलाब्याच्या खारेपाटात हे बांध राखण्यासाठी शिलोत्रीसारखी जुनी वतनवजा व्यवस्था चालत आलेली होती, आणि तिचे सारे मर्म नित्याच्या देखरेखीत होते. खेकड्याने बांधाला पाडलेले बोटभर भोक त्याच दिवशी दिसले तर मूठभर चिखलाने बुजते. न दिसले तर अमावास्येच्या उधाणाला तेथे खांड पडते, खारे पाणी शेतात शिरते, आणि पुढील काही हंगाम त्या जमिनीत भात पिकत नाही. म्हणून बांधावरून आणि उघाडीवरून रोज फेरी मारावयाची असते. ज्या समाजाला ही नित्याची फेरी जन्मतः माहीत होती, त्याच्या मुलांच्या शिक्षणाची पाहणी मात्र वर्षातून एकदा, बाहेरगावच्या माणसाने, निकाल ठरविण्यासाठी करावयाची, असा तो विपरीत न्याय होता.

मराठी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल आणि तिच्यावरची मॅट्रिक, या दोन परीक्षांनी पुढील साठसत्तर वर्षे गावांवर अधिराज्य केले. मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ मध्ये झाली आणि तीत उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. कुलाबा जिल्ह्यातलेच चिंतामणराव देशमुख १९१२ मध्ये मॅट्रिकला पहिले आले. या परीक्षांनी गुणवान मुलांना वर येण्याची वाट दिली, हे त्यांचे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. फायनल पास झालेला खाडीकाठचा एखादा मुलगा मास्तर किंवा तलाठी होई आणि त्याच्या मागून अख्ख्या घराण्याची पायवाट शाळेकडे वळे. परंतु जो नापास झाला, तो कोठे व का चुकला हे त्याला कोणीही सांगितले नाही; निकालाच्या कागदावर त्याचे नाव नव्हते एवढेच त्याला कळले, आणि तो मिठागरावर कामाला गेला.

या कालखंडातही शाळेच्या आत एक साधन निमूटपणे आपले काम करीत होते, आणि त्याची नोंद शिक्षणाच्या इतिहासग्रंथांत क्वचितच आढळते. ते साधन म्हणजे दगडी पाटी. गुरुजी तोंडी हिशेब सांगत, मुले उत्तर लिहून पाटी पालथी घालीत, आणि सर्वांचे लिहून झाल्यावर ‘पाट्या दाखवा’ असा हुकूम सुटे. चाळीस पाट्या एकदम वर होत, आणि एका दृष्टिक्षेपात गुरुजींना कळे की हिशेब किती जणांना आला, किती जणांना आला नाही आणि, जाणता गुरुजी असेल तर, चुकलेल्यांपैकी किती जण एकाच रीतीने चुकले. हे शेवटचे सर्वांत महत्त्वाचे. बावन्नातून सत्तावीस वजा करावयास सांगितले आणि दहा पाट्यांवर पस्तीस आले, तर ती दहा मुले निष्काळजी नाहीत. सातातून दोन वजा करणे सोपे म्हणून त्यांनी खालचा आकडा वरचा केला आहे, दशक सुटा करणे त्यांना समजलेलेच नाही, आणि म्हणून हा दोष शिकवणीत आहे. अशा वेळी पुढचे उदाहरण घालणे व्यर्थ; काड्यांचे गठ्ठे काढून दहाचा गठ्ठा सोडून दाखविणे हेच कर्तव्य. पाटी पुसली की चूकही पुसली जाई, तिचे गुण कोठे मांडले जात नसत, त्यामुळे मुलाला चुकण्याचे भय नसे आणि गुरुजीला खरे ते दिसे. पाश्चात्त्य देशांतील शाळांत अलीकडे मुलांच्या हाती छोटे पांढरे फळे देऊन नेमका हाच प्रयोग करतात, आणि अध्यापनसुधारणेचे एक प्रमुख साधन म्हणून त्याची थोरवी गातात. आमच्या पाट्या मात्र आम्ही जुनाट म्हणून अडगळीत टाकल्या.

दुसरे उदाहरण या भूमीतलेच आहे. आगरी बोलीत ‘ळ’चा उच्चार ‘ल’ होतो आणि ‘ण’चा ‘न’. उलव्याकडचे मूल घरी डोला, पानी, शाला असेच ऐकते आणि बोलते. त्याला श्रुतलेखन घातले म्हणजे ते कानाने ऐकलेले आपल्या जिभेच्या वळणाने लिहिते. घाटावरून बदलून आलेला गुरुजी दहापैकी सहा शब्दांवर लाल फुली मारतो आणि चार गुण देतो. या चार गुणांतून मुलाला काय कळले? आपण वाईट बोलतो, आपले आईबाप वाईट बोलतात, एवढेच. उलट ज्या शिक्षकाने फुल्यांची जात पाहिली, त्याच्या लक्षात येते की मुलाने सहा चुका केलेल्या नाहीत, त्याची चूक एकच आहे आणि ती अत्यंत नियमबद्ध आहे. मूल ऐकण्यात दक्ष आहे, आपल्या बोलीशी प्रामाणिक आहे, आणि त्याला फक्त एवढेच दाखवावयाचे आहे की पुस्तकाच्या मराठीत जीभ टाळूला मागे लावून उच्चारावयाचे दोन वर्ण अधिक आहेत. आठ दिवसांचे काम आहे. असे शिक्षक कुलाब्यात, म्हणजे आजच्या रायगडात, झाले आहेत आणि आजही आहेत. त्यांची नावे कोणत्याही अहवालात येत नाहीत, कारण गुणपत्रकात दिसणारे असे त्यांनी काही केलेले नसते.

परीक्षेच्या या बाह्य स्वरूपाविरुद्ध विचारवंतांचा आवाज विसाव्या शतकात उठत राहिला. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीस ग्रामबालशिक्षा केंद्र काढले आणि अनुताई वाघ यांच्या साहाय्याने ते काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेले, तेव्हा वारली मुलांसाठी त्यांनी गुरे चारण्याच्या जागीच शाळा नेली. कुरणशाळा हे तिचे नाव. मुलाला प्रश्नपत्रिका देण्याऐवजी त्याच्या खेळण्याचे, बोलण्याचे, वस्तू हाताळण्याचे अवलोकन करावे आणि त्या अवलोकनावरून उद्याचे काम ठरवावे, ही त्यांची रीत होती. उत्तर कोकणातच हे घडत असताना शासकीय शाळांनी त्यातून थोडे अधिक घेतले असते तर बरे झाले असते.

स्वातंत्र्यानंतर आयोग आले. राधाकृष्णन आयोगाने १९४८-४९ मध्ये परीक्षासुधारणेस विद्यापीठीय सुधारणांत अग्रस्थान दिले, मुदलियार आयोगाने १९५२-५३ मध्ये शाळेच्या अंतर्गत नोंदींना निकालात वजन द्यावे असे सांगितले, बेंजामिन ब्लूम हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ १९५७-५८ च्या सुमारास भारतात सल्लागार म्हणून येऊन गेले, कोल्हापूरकडील जे. पी. नाईक ज्याचे सदस्य-सचिव होते त्या कोठारी आयोगाने १९६६ मध्ये मूल्यमापन हे अध्यापनाचेच अंग असल्याचे प्रतिपादन केले. या सर्वांतून आपल्या शाळांत घटकचाचणी आली. कल्पना उत्तम होती: घटक शिकवून झाला की लहानशी चाचणी घ्यावी, आणि जे आले नाही ते पुन्हा शिकवावे. प्रत्यक्षात चाचणीचे वेळापत्रक लागले, छापील प्रश्नपत्रिका आल्या, गुण सहामाहीच्या गुणांत मिळविले गेले, आणि पुन्हा शिकविण्यासाठी वेळापत्रकात एकही तास राखला गेला नाही. एक वार्षिक परीक्षा होती, तिच्या चार झाल्या.

याच काळात उलव्याच्या परिसराचे भाग्य वेगळ्याच हातांनी लिहिले जात होते. जासई आणि गव्हाण येथे रयत शिक्षण संस्थेच्या माध्यमिक शाळा आल्या आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याकडे लावलेले बीज या खारेपाटात उगवले. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनींवर नव्या शहराचा आराखडा पडला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात दास्तान फाटा व पागोटे येथे पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले, आणि त्या बलिदानातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क प्रस्थापित झाला. जमीन गेलेल्या माणसापुढे एकच मालमत्ता उरते, आणि ती म्हणजे मुलाचे शिक्षण. म्हणून या मुलखात शाळेचा निकाल हा केवळ निकाल राहिला नाही. ज्या पिढीला भात आणि मीठ सोडून कार्यालयात, बंदरात, कंपनीत नोकरी धरावयाची होती, तिला आठवीनववीत पोचल्यावर समजावे की आपल्याला भागाकार येत नाही, यासारखी दारुण गोष्ट नाही. सात वर्षे ती चूक त्या मुलाच्या वहीत रोज लिहिली जात होती, आणि ती वाचावयास कोणाला सवड नव्हती.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला आणि त्या वर्षी २० ऑगस्ट रोजी महाराष्ट्र शासनाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा निर्णय काढला. माझ्या मते जोतीरावांच्या निवेदनानंतर या विषयावर सरकारदरबारी लिहिला गेलेला हा सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज होय. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधने त्यात सांगितली. शिकत असतानाच्या मूल्यमापनाला आकारिक आणि सत्राअखेरच्या मूल्यमापनाला संकलित असे नाव दिले. आणि पहिली-दुसरीस आकारिक ७० टक्के, तिसरी-चौथीस ६०, पाचवी-सहावीस ५० व सातवी-आठवीस ४० असे वजन ठरविले. मूल जितके लहान तितका रोजच्या पाहण्याला मान अधिक, हे तत्त्व त्या आकड्यांत आहे. आकारिक व संकलित हा भेद तत्त्ववेत्ते मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्ये मांडला होता. लंडनच्या किंग्ज कॉलेजातील पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी १९९८ मध्ये सुमारे अडीचशे अभ्यासांचे परिशीलन करून असा निर्वाळा दिला की शिकत असतानाची पारख शिक्षकाने पुढील अध्यापनासाठी खरोखर वापरली, तर विद्यार्थ्यांची प्रगती लक्षणीय होते आणि मागे पडलेल्यांची सर्वांत अधिक होते. रूथ बटलर यांनी इस्राएलमधील शाळांत केलेला १९८८ चा प्रयोग तर प्रत्येक शिक्षकाने ध्यानात ठेवावा असा आहे: ज्या मुलांना केवळ सूचना लिहून दिल्या ती सुधारली, आणि ज्यांना सूचनेबरोबर गुणही दिले ती सुधारली नाहीत, कारण गुण दिसले की मूल सूचना वाचत नाही.

आमच्या निर्णयात याच ठिकाणी दुखणे शिरले. आकारिक मूल्यमापनालाही गुण होते. गुण आले म्हणजे नोंद आली, नोंद आली म्हणजे तिची तपासणी आली. आणि एका शिक्षकाला दोन-तीन इयत्ता, प्रत्येक मुलाच्या प्रत्येक विषयाची वर्णनात्मक नोंद, असा डोंगर उभा राहिला. बाजारात नोंदींची तयार पुस्तके मिळू लागली. ‘वर्गात लक्षपूर्वक ऐकतो’, ‘शुद्धलेखनाकडे लक्ष देणे आवश्यक’ अशी वाक्ये एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरली. यात शिक्षकांचा दोष मी फार मानत नाही. ज्या नोंदीचा वाचक वरचा अधिकारी आहे, ती नोंद त्याच्या समाधानासाठीच लिहिली जाणार. शेरेबुकाचे जे झाले तेच या नव्या वहीचे झाले.

तथापि ज्यांनी या निर्णयाचा आत्मा ओळखला त्यांच्या हातून काम झाले. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये प्रतिभा भराडे या विस्तार अधिकारी बाईंनी अनेक शाळांतील शिक्षकांना बरोबर घेऊन, फळ्याऐवजी जमिनीवर आखलेल्या आकृत्यांभोवती मुलांना बसवून, कोणते मूल कोठे आहे हे शिक्षकाला सतत दिसेल अशी वर्गाची मांडणी केली, आणि पुढे राज्यभरातून शिक्षक ती पाहावयास गेले. मुलांची चूक वर्गापुरतीच राहिली नाही, पाठ्यपुस्तकापर्यंत पोचली, असेही एकदा घडले: एकवीस, बावीस ही संख्यानामे शिकताना मुले अंकांची उलटापालट करतात हे पाहून मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालील बालभारतीच्या समितीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ असा जोडमार्ग दिला. त्यावर महाराष्ट्रभर गदारोळ उठला. मार्ग योग्य की अयोग्य याविषयी मतभेद असू शकतात. पण लहान मुलांच्या एका वारंवार होणाऱ्या चुकीने विदुषींना शिकवणीचा फेरविचार करावयास लावले, हे त्या वादात कोणी फारसे बोलले नाही, याचा मला खेद वाटतो.

आजचे उलवे जुन्या उलव्याहून निराळे आहे. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, कोल्ही, कोपर, चिंचपाडा, वाघिवली, वाघिवलीवाडा, वरचे ओवळे ही दहा गावे व पाडे उठले, उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळविण्यात आला, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. खारकोपरपर्यंत रेल्वे २०१८ मध्येच आली होती, अटल सेतू २०२४ मध्ये झाला. सेक्टरांतल्या इमारतींत सातारा, बीड, उत्तर प्रदेश, बंगाल, तामिळनाडू येथून आलेली कुटुंबे राहतात. अशा वसाहतीतल्या वर्गात शिक्षकासमोर बसलेल्या मुलांच्या पूर्वज्ञानाविषयी काहीही गृहीत धरण्याजोगे राहिलेले नाही. कोणी बोलीमुळे अडते, कोणी दोन वर्षांत तीन शाळा बदलल्यामुळे, कोणी घरी पुस्तकाची भाषाच नसल्यामुळे. इंग्रजी माध्यमाच्या शाळाही याला अपवाद नाहीत. तेथे तर मूल न समजता शांत बसते, आणि शांत बसलेले मूल समजलेले मानले जाते. तासाच्या शेवटी दोन मिनिटे राखून, आज काय समजले आणि काय राहिले हे प्रत्येकाकडून कागदाच्या कपट्यावर, नाव न घालता, लिहून घ्यावे, ही परदेशी महाविद्यालयांत रुळलेली रीत येथे प्राथमिक शाळेतही चालेल. लिहिता न येणाऱ्याने चित्र काढावे, बोलीत सांगावे. अट एवढीच की ते कपटे त्याच संध्याकाळी वाचले जावेत.

राज्य शासनाने २०२३-२४ पासून पाचवी व आठवीस वार्षिक परीक्षा पुन्हा सुरू केली आहे. बालकांच्या शिक्षणाच्या कायद्यातील २०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीनुसार अनुत्तीर्ण मुलास अतिरिक्त मार्गदर्शन देऊन निकालानंतर दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षेची संधी द्यावयाची आहे, आणि ते मार्गदर्शन देणे शाळेवर बंधनकारक आहे. निकाल वर्षाअखेर लागतो, फेरपरीक्षा जूनमध्ये होते, आणि मधला काळ उन्हाळी सुटीचा असतो. उलव्यातील निम्मे वर्ग त्या काळात गावी गेलेले असतात. कायद्याने दिलेले ते दोन महिने जुलैपासूनच्या प्रत्येक महिन्यात थोडे थोडे वाटून शाळांच्या वेळापत्रकात घालता येतील, आणि त्यासाठी नव्या कायद्याचीही जरूर नाही. मुख्याध्यापकाने आठवड्याचा एक तास केवळ न आलेले पुन्हा शिकविण्यासाठी मोकळा ठेवला, त्या तासाची कसलीही नोंद कोणी मागितली नाही, आणि केंद्रप्रमुखाने शाळेत आल्यावर वह्यांऐवजी दोन मुलांच्या शेजारी अर्धा तास बसावयाचे ठरविले, तर ते पुढच्या सोमवारपासूनही होऊ शकते.